मुखत्यार बदलला तर : संगणकातील प्रॉक्सीचे सेटिंग तपासण्याचा पाठ

पाठाचा हेतू

संगणक चालू आहे, फोनला कव्हरेज पुरेसे आहे, आणि तरीही ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, असा प्रसंग शाळेत पुष्कळदा येतो. अशा वेळी दोष वाटेत आहे की संगणकातील एखाद्या नोंदीत आहे, हे शिक्षकांना स्वतः ठरविता यावे. तो दोष प्रॉक्सी नावाच्या सेटिंगमध्ये असल्यास दुरुस्त करता यावा. आणि दुरुस्ती पुरी झाली की अर्धवट राहिली, हे ओळखता यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. पाठाच्या शेवटी हाच विषय वरच्या वर्गांतील मुलांना खेळाच्या रूपाने कसा समजावून द्यावा, याचेही दिग्दर्शन केले आहे.

विषयप्रवेश

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निर्माण झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. भामरागड आणि सिरोंचा ही तालुक्याची ठिकाणे जिल्ह्याच्या गावापासून दीडशे किलोमीटरांहून दूर आहेत. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद पडल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत घडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातही माणिकगड पहाडावरील जिवती तालुक्यातल्या शाळांना तालुक्याचे गाव गाठणे सोपे नसते. अशा मुलखात संगणकाच्या दुरुस्तीसाठी केलेली एक फेरी म्हणजे शाळेचा एक दिवस होय. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक गेला, की त्या दिवशी अर्धे वर्ग शिक्षकाविना बसतात.

दुसरीकडे, संगणकावाचून शाळेचे कामही आता अडते. युडायस प्लसमध्ये २०२२-२३ या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद केली जाते. शिक्षकांचे वेतन शालार्थ प्रणालीतून निघते. दाखलखारीज रजिस्टरातील एखाद्या मुलाची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, तर ते मूल दुसऱ्या शाळेत जाऊनही कागदोपत्री जुन्याच शाळेत राहते. म्हणून ‘नेट बंद आहे’ एवढे म्हणून थांबणे शिक्षकांना परवडत नाही.

आपल्या भागात पान उघडले नाही की पहिला संशय टॉवरवर जातो. तो पुष्कळदा खराही ठरतो. परंतु नेहमी खरा ठरणाऱ्या संशयाचा एक दोष असतो : तो ज्या दिवशी खोटा असतो, त्या दिवशीही कोणी त्याची तपासणी करीत नाही.

उदाहरणार्थ असे समजू या, की एका शाळेतील शिक्षकांना जुन्या टंकात लिहिलेली निकालपत्रके युनिकोडमध्ये बदलावयाची आहेत. त्यांनी एक फुकट मिळणारे साधन संगणकावर उतरविले. ते बसविताना पडद्यावर चार-पाच चौकटी आल्या व प्रत्येक चौकटीत ‘नेक्स्ट’ हे बटण दाबले गेले. काम झाले. दुसऱ्या दिवशी मात्र ब्राउझरमध्ये पान उघडेना. शिक्षकांनी टॉवर येण्याची दोन दिवस वाट पाहिली. त्यानंतर ब्राउझर काढून टाकून पुन्हा बसविला. तरी गुण आला नाही. आणि येणारही नव्हता, कारण बिघडलेली नोंद ब्राउझरमध्ये नव्हतीच. ती कोठे होती, हे समजण्यासाठी प्रथम प्रॉक्सी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार

महाविद्यालयात एकाच्या नावाची हजेरी दुसऱ्याने दिली, तर त्यास मुले ‘प्रॉक्सी’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे : दुसऱ्याच्या वतीने वागणारा. कोर्टकचेरीच्या भाषेत त्यास मुखत्यार म्हणतात. एखादा शेतकरी तालुक्याला वारंवार जाऊ शकत नाही. म्हणून तो तेथील एका इसमास मुखत्यारपत्र करून देतो. मग त्याचे अर्ज मुखत्यारामार्फत जातात आणि उत्तरेही मुखत्यारामार्फतच येतात.

संगणकाचेही तसेच आहे. सामान्यतः ब्राउझर आपली मागणी थेट त्या त्या संकेतस्थळाकडे पाठवितो. परंतु संगणकात प्रॉक्सीचा पत्ता नोंदलेला असेल, तर ब्राउझर प्रत्येक मागणी प्रथम त्या पत्त्यावर पाठवितो. तेथील मध्यस्थ संगणक ती पुढे नेतो व आलेले उत्तर परत आणून देतो. हा पत्ता दोन भागांचा असतो. पहिला भाग त्या मध्यस्थाचा क्रमांक किंवा नाव. दुसरा भाग ‘पोर्ट’ नावाचा आकडा. घराचा पत्ता आणि त्या घराचे नेमके कोणते दार, असे हे दोन भाग समजावेत.

प्रॉक्सी ही मुळात उपयोगी वस्तू आहे. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळी जोडणी मंद आणि महाग असे. एखाद्या कार्यालयात वा महाविद्यालयात पुष्कळ संगणक एकाच जोडणीवर चालत. तेव्हा मध्यस्थ संगणक एकदा आणलेल्या पानाची नक्कल जवळ ठेवी आणि तेच पान दुसऱ्याने मागितले, की नक्कल देई. त्यामुळे जोडणीवरील भार हलका होई. आजही काही संस्थांत कोणी कोणते संकेतस्थळ पाहावे, याचे नियंत्रण प्रॉक्सीद्वारे केले जाते. यास्तव प्रॉक्सीचा पत्ता दिसला म्हणजे तो लबाडीचाच आहे, असे समजू नये. तो कोणी व कशासाठी लिहिला, हे विचारावे. गावातील शाळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा साध्या ब्रॉडबँडवर चालत असेल, तर मात्र तेथे प्रॉक्सीची सहसा जरूर नसते.

मुखत्यार बदलण्याचे दोन प्रकार

आता शेतकऱ्याच्या नकळत कोणी त्याच्या मुखत्यारपत्रातील नाव बदलले, असे समजा. त्यातून दोन गोष्टी संभवतात.

पहिली अशी, की नवे नाव ज्याचे आहे तो इसम त्या पत्त्यावर राहतच नाही. शेतकऱ्याची पत्रे कुलूपबंद दाराशी जाऊन पडतात. रस्ता चालू आहे, कचेरी उघडी आहे, परंतु काम होत नाही. संगणकात हा प्रकार पुष्कळदा १२७.०.०.१ या पत्त्याने घडतो. पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात. या पत्त्याचा अर्थ ‘हाच संगणक’ असा आहे. बसविलेले साधन स्वतःच मुखत्यार बनते आणि ‘सर्व मागण्या माझ्याकडे द्याव्या’ अशी नोंद लिहून ठेवते. पुढे ते साधन काढून टाकले, किंवा ते मध्येच बंद पडले, तरी नोंद तशीच राहते. मुखत्यार गेला, मुखत्यारपत्र राहिले. मग एकही पान उघडत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की नवा मुखत्यार त्या पत्त्यावर खरोखरच बसलेला आहे. परंतु तो प्रामाणिक नाही. तो पत्रे पोहोचवितो, उत्तरेही आणतो, आणि मध्ये ती चाळून पाहतो. एखाद्या पत्रात आपल्या जाहिरातीचा कागदही घालतो. शेतकऱ्यास वाटते, काम सुरळीत चालले आहे.

पहिल्या प्रकारात गैरसोय होते आणि ती लगेच कळते. दुसऱ्या प्रकारात काही अडत नाही, म्हणून तो कळत नाही. आणि धोका त्यातच आहे. शाळेच्या संगणकावरून मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे फोन क्रमांक जातात. म्हणून पान उघडू लागले की दुरुस्ती झाली, असे मानू नये. आपल्या मागण्या कोणाच्या हातून जात आहेत, हे पाहिल्यावरच दुरुस्ती पुरी होते. या पाठातील मुख्य मुद्दा हाच होय.

येथे कोणी विचारील, की पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते किंवा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो, तेव्हा मजकूर सुरक्षित नसतो काय? अशा पानांचा मजकूर लाखेने बंद केलेल्या लखोट्यासारखा असतो. मुखत्यारास पाकीट कोठे चालले आहे एवढे कळते. आतील मजकूर वाचता येत नाही. परंतु काही साधने संगणकात आपले स्वतःचे ‘सर्टिफिकेट’, म्हणजे ओळखीचा दाखला, बसवून देतात. मग मुखत्यार लाख फोडतो, पत्र वाचतो व स्वतःची लाख लावून पुढे पाठवितो. संगणक त्याच्या लाखेलाही खरी मानतो. म्हणून ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना ब्राउझरने दिली असता ती डावलून पुढे जाऊ नये, आणि अनोळखी साधनाने दाखला बसविण्याची परवानगी मागितली तर ती देऊ नये.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी सोप्याकडून कठिणाकडे करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही. क्रम येणेप्रमाणे ठेवावा.

१. वाट तपासावी. ज्या हॉटस्पॉटला संगणक जोडला आहे, त्यालाच दुसरा एक फोन जोडून तेच पान उघडून पाहावे. फोनवरही उघडत नसेल, तर दोष टॉवरचा, हॉटस्पॉटचा, संपलेल्या डेटाचा किंवा त्या संकेतस्थळाचा असू शकतो. एखादे दुसरे संकेतस्थळ उघडून पाहिल्यास एवढा भेद कळतो. फोनवर उघडते आणि संगणकावर उघडत नाही, तर दोष संगणकात आहे.

२. तारीख व वेळ पाहावी. जुन्या संगणकातील लहान गोल बॅटरी संपली म्हणजे प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागे जाते. चुकीच्या तारखेमुळे ओळखीचे दाखले खोटे ठरतात आणि पाने अडतात. हा दोष प्रॉक्सीचा नव्हे; परंतु दिसावयास तसाच दिसतो.

३. पडद्यावरील सूचना वाचावी. सूचना इंग्रजीत असली तरी तीत ‘प्रॉक्सी’ हा शब्द आहे काय, एवढे तरी पाहावे. क्रोममध्ये प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काही चूक आहे किंवा त्याचा पत्ता बरोबर नाही, अशा अर्थाचे वाक्य येते. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारीत आहे, असे येते. ही सूचना फोनने टिपून ठेवावी. मदत मागताना तिचा फार उपयोग होतो.

४. नोंद पाहावी, पण लगेच बदलू नये. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘प्रॉक्सी’ येथे जावे. जुन्या विंडोज ७ मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘इंटरनेट ऑप्शन्स’, त्यात ‘कनेक्शन्स’ आणि शेवटी ‘लॅन सेटिंग्ज’ हा मार्ग आहे. तेथे तीन गोष्टी दिसतात : सेटिंग आपोआप शोधणे, ‘सेटअप स्क्रिप्ट’ वापरणे, आणि हाताने लिहिलेला प्रॉक्सी सर्व्हर वापरणे. यांतील कोणती चालू आहे, पत्ता काय व पोर्ट कोणता, हे शाळेच्या वहीत तारखेसह लिहून घ्यावे. पत्ता खरोखरच एखाद्या कार्यालयाने दिलेला असेल, तर तो पुन्हा लिहिता आला पाहिजे. आणि लबाडीचा असेल, तर तोच पुरावा होय.

५. नोंद दुरुस्त करावी. शाळेस प्रॉक्सी लागत नाही याची खात्री झाल्यावर हाताने लिहिलेला प्रॉक्सी आणि सेटअप स्क्रिप्ट ही दोन्ही बंद करावीत. आपोआप शोधण्याची सोय चालू राहिली तरी चालते. बदल जतन करावा, ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडावा. क्रोम आणि एज हे ब्राउझर विंडोजचीच नोंद वापरतात. म्हणूनच वरील उदाहरणात ब्राउझर पुन्हा बसवूनही उपयोग झाला नाही. फायरफॉक्सला मात्र स्वतःची वेगळी नोंद ठेवता येते. त्याच्या सेटिंग्जमध्ये सर्वसाधारण भागाच्या तळाशी ‘नेटवर्क सेटिंग्ज’ असते. तेथे ‘नो प्रॉक्सी’ किंवा ‘यूज सिस्टीम प्रॉक्सी सेटिंग्ज’ हा पर्याय निवडावा.

६. विस्तार तपासावेत. ब्राउझरला जोडलेले ‘एक्स्टेन्शन’, म्हणजे विस्तार, हेही प्रॉक्सी बदलू शकतात. फुकट व्हीपीएनचे, चित्रफिती उतरविण्याचे किंवा खरेदीत सूट दाखविण्याचे जे विस्तार कोणी बसविले हे आठवत नाही, ते काढून टाकावेत.

७. टॅबलेट असल्यास त्याचेही वाय-फाय सेटिंग पाहावे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक वाय-फाय जोडणीची प्रॉक्सीची नोंद निराळी असते. जोडणीच्या नावापुढील चिन्ह दाबून पुढील तपशिलात गेल्यास ती दिसते. तेथे ‘नन’ हा पर्याय असावा.

नोंद पुन्हा परत आली तर

काही वेळा प्रॉक्सी बंद केला, पान उघडले, सर्वांस समाधान वाटले. आणि संगणक पुन्हा चालू करताच तीच नोंद परत हजर झाली, असे होते. याचा अर्थ, ती लिहिणारा कोणी संगणकात अद्याप बसलेला आहे. घरात पाणी शिरत असताना नुसती फरशी पुसून भागत नाही. कौल कोठे फुटले ते पाहावे लागते.

अशा वेळी बसविलेल्या साधनांची यादी उघडावी व ती बसविल्याच्या तारखेप्रमाणे लावावी. दोष ज्या दिवशी सुरू झाला, त्याच्या आदल्या दिवसांत काय बसले ते पाहावे. पुष्कळदा एका साधनाबरोबर न मागितलेली आणखी दोन आलेली आढळतात. ती काढून टाकावीत. नंतर विंडोजमधील ‘विंडोज सिक्युरिटी’ने संपूर्ण संगणकाची तपासणी करावी. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर अशा तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. शाळेत डेटा अपुरा असल्यास ती साधने गट साधन केंद्रात पेनड्राइव्हवर उतरवून आणता येतील. मात्र पेनड्राइव्ह रिकामा व तपासलेला असावा.

प्रॉक्सीचे बटण फिके दिसून दाबताच येत नसेल, किंवा हे सेटिंग संस्थेच्या ताब्यात आहे अशी सूचना येत असेल, तर तेथे अधिक खटपट करू नये. वहीतील नोंद व टिपलेली सूचना घेऊन तालुक्याच्या तंत्रज्ञास दाखवावी. ही फेरी वाया जात नाही, कारण दोष कोठे आहे हे ठरवूनच ती केलेली असते.

दुरुस्तीनंतर तीन गोष्टी अवश्य कराव्यात. संगणक बंद करून पुन्हा चालू करावा व प्रॉक्सीची नोंद पुन्हा पाहावी. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा पाहावी. आणि अनोळखी पत्ता आढळला होता असे असल्यास युडायस प्लस, शालार्थ, ई-मेल व बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष फोनवरून वा संगणकावरून बदलावेत. ज्या संगणकावर लबाड मुखत्यार होता त्यावरूनच पासवर्ड बदलणे म्हणजे नव्या कुलपाची किल्ली त्याच्याच हाती देणे होय.

जगातील दोन उदाहरणे

नकळत बदललेली नोंद किती दूरवर परिणाम करते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

पहिले ‘डीएनएस चेंजर’ या नावाचे. डीएनएस ही प्रॉक्सीहून वेगळी, परंतु शेजारचीच व्यवस्था आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी ती यादी होय. एका टोळीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांत या यादीचा पत्ता बदलून आपला पत्ता घातला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. परंतु आरोपी पकडले गेले तरी बिघडलेल्या नोंदी लोकांच्या संगणकांत तशाच होत्या. टोळीचे यंत्र एकाएकी बंद केले असते, तर त्या सर्वांचे इंटरनेट बंद पडले असते. म्हणून अमेरिकेतील न्यायालयाच्या अनुमतीने त्या जागी तात्पुरती निर्दोष यंत्रे चालू ठेवली गेली व ती ९ जुलै २०१२ रोजी बंद झाली. तोवर लोकांनी आपापली नोंद सुधारावी, अशी अपेक्षा होती. लिहिणारा गेला तरी लिहिलेले राहते, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण ‘सुपरफिश’चे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर जाहिराती दाखविणारे हे साधन विक्रीपूर्वीच बसविलेले असे. ते ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये बसे आणि आपला दाखला संगणकात ठेवून लाखबंद पानेही उघडीत असे. त्याहून वाईट असे, की सर्व लॅपटॉपांवर त्या दाखल्याची गुप्त किल्ली एकच होती. एकास ती सापडली म्हणजे सर्वांची लाख फोडता येई. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले, आणि हा दाखला काढून टाकण्याचे साधन देणे कंपनीस भाग पडले. या काळात ग्राहकांची पाने व्यवस्थित उघडत होती, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

प्रतिबंध

फुकट साधन घेण्यास हरकत नाही. परंतु ते त्याच्या मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरून घ्यावे. बसविताना प्रत्येक चौकट वाचावी. ‘कस्टम’ असा पर्याय असल्यास तो निवडून, न मागितलेल्या वस्तूंपुढील खुणा काढाव्यात. शाळेच्या संगणकावर रोजच्या कामासाठी साधे खाते व साधने बसविण्यासाठी वेगळे प्रशासक खाते ठेवावे. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षिततेचे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. म्हणून अशा संगणकांवर अधिक दक्षता बाळगावी. आणि शाळेत हजेरीपट जसा असतो, तशी संगणकाची एक वही असावी. कोणते साधन, कोणत्या तारखेस, कोणी व कशासाठी बसविले, एवढ्या चार रकान्यांनी पुढील कित्येक तासांचा शोध वाचतो.

वर्गात घ्यावयाचा खेळ

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी हा खेळ अर्ध्या तासात घेता येतो. संगणक असलाच पाहिजे असे नाही. माडिया, गोंडी वा तेलुगू बोलणाऱ्या मुलांनी चिठ्ठीत आपल्या भाषेतील शब्द लिहिले किंवा चित्र काढले तरी चालते.

वर्गाच्या एका बाजूस ‘घर’ व दुसऱ्या बाजूस ‘बाजार’ करावा. घरातील मूल चिठ्ठीवर ‘मीठ’ किंवा ‘मोहफूल’ असे लिहिते. बाजारातील मूल त्या वस्तूचे चित्र परत पाठविते. प्रथम चिठ्ठी थेट जाऊ द्यावी. नंतर फळ्यावर एका मुलाचे नाव ‘मुखत्यार’ म्हणून लिहावे व सर्व चिठ्ठ्या त्याच्याच हाती द्यावयाचा नियम करावा. तिसऱ्या फेरीत मुले डोळे मिटून असताना फळ्यावरील नाव पुसून त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचे नाव लिहावे. चिठ्ठ्या घरातच पडून राहतात. येथे शिक्षकांनी कारण सांगू नये. बाजार उघडा आहे काय, वाट मोकळी आहे काय, चिठ्ठी नीट लिहिली आहे काय, असे एकेक विचारीत मुलांनीच फळ्यापर्यंत यावे.

चौथ्या फेरीत नव्या मुखत्याराच्या कानात सांगावे, की प्रत्येक चिठ्ठी वाचून मगच पुढे द्यावी. चिठ्ठ्या पोहोचतात, चित्रे परत येतात. शेवटी त्या मुलाने सर्वांच्या चिठ्ठ्यांतील मजकूर मोठ्याने सांगावा. मुलांना जो अचंबा वाटेल, त्यातच या पाठाचे सार आहे. त्यानंतर ‘ही गोष्ट अगोदर कशी ओळखता आली असती?’ असा प्रश्न विचारून खेळ संपवावा.

स्वाध्याय

१. शाळेच्या संगणकावरील प्रॉक्सीची आजची स्थिती पाहून ती वहीत तारखेसह लिहावी. संगणक निर्दोष असतानाची ही नोंद पुढे तुलनेस उपयोगी पडते.

२. फोनवर पान उघडते, संगणकावर उघडत नाही, आणि सूचनेत ‘प्रॉक्सी’ हा शब्द नाही. अशा वेळी प्रथम काय पाहावे व का, ते लिहावे.

३. प्रॉक्सी बंद केल्यावर पान उघडले. दुसऱ्या दिवशी नोंद परत आली. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?

४. केंद्र संमेलनात आपल्या शाळेच्या संगणक-वहीतील एक दोष व त्याची दुरुस्ती इतर शिक्षकांस सांगावी. एका शाळेत सापडलेले कारण दुसऱ्या शाळेचा एक दिवस वाचविते, आणि तो दिवस मुलांचा असतो.